शनिवारी पोळी घालणाऱ्या काकू

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात मोठी माणसं लिहितात. मंत्रालयातले काका, प्राध्यापिका मावशी, परदेशी राहून आलेले लोक. त्यांच्या रांगेत मी बसणं बरोबर नाही, हे मला कळतं. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील फौजेत हवालदार, आम्ही कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मराठी घरात बोलतो, पण लिहायची सवय सुटली आहे. शिवाय मी अजून डॉक्टरही झालेलो नाही. व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीची इंटर्नशिप चालू आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण जे घडलं ते आपल्याच एका काकूंच्या बाबतीत घडलं, म्हणून ते इथेच सांगावंसं वाटलं.

तर, सोमवारी सकाळी मी एका काळ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायला निघालो होतो.

फरीदाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पोस्टिंग होती. कुत्र्याला घेऊन आला होता रामवीर, मार्केटच्या तोंडाशी केळ्यांची गाडी लावणारा. कुत्रा त्याचा नव्हता, मार्केटचा होता. नाव कालू. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. भुंकायला गेला की घोगरा, फाटका आवाज यायचा. समोर पाणी ठेवलं तर तोंड पाण्यात बुडवायचा, पण एक घोट आत जात नव्हता.

"हड्डी फँसी है गले में," रामवीर म्हणाला. "मैंने हाथ डालके देखा, मिली नहीं. आप चिमटे से निकाल दो."

मलाही हाडच वाटलं. पुस्तकात वाचलेलं त्या क्षणी आठवत नाही, समोर तडफडणारा जीव दिसतो. मी ट्रेमधून लांब चिमटा उचलला आणि दुसऱ्या हाताने जबडा धरायला वाकलो.

"पवार! हात मागे!"

खोब्रागडे मॅडम दारात उभ्या होत्या. आमच्या दवाखान्याच्या प्रमुख. नागपूरच्या, पंचवीस वर्षं दिल्लीकडे. त्या कधी ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडल्या.

त्यांनी कुत्र्याकडे लांबूनच पाहिलं. मग रामवीरला विचारलं, "हाथ कब डाला था?"

"कल शाम को. आज सुबह भी."

"साबुन से धोया?"

रामवीर हसला. "मैडम, केले बेचता हूँ. हाथ तो दिन भर धुलते हैं."

मॅडमनी त्याला नळाशी नेलं, साबणाची वडी हातात दिली आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं हात चोळून धुवायला लावले. मधेच तो थांबला की म्हणायच्या, "और." मग त्याला आमच्या गाडीत बसवून माणसांच्या दवाखान्यात पाठवलं. दुपारपर्यंत त्याला पहिली लसही मिळाली होती.

मग मला म्हणाल्या, "पिसाळलेला कुत्रा म्हटलं की लोकांना वाटतं, तो धावत येऊन चावणार. सगळेच तसे नसतात. काहींचा आधी जबडा लुळा पडतो, घसा लुळा पडतो. ते चावत नाहीत. गरीब दिसतात. लोक हाड शोधायला स्वतःहून हात घालतात. लाळ हाताला लागते, हाताला कुठेतरी चीर असतेच. संपलं."

कालूला आम्ही वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. संध्याकाळी रामवीर परत आला, दंडावर कापसाचा बोळा दाबून. तो लांब उभा राहिला आणि नुसतं "कालू" म्हणाला. जबडा लोंबत होता, मागचे पाय उचलत नव्हते, तरी त्या कुत्र्याची शेपटी हलली. मला तिथे उभं राहवेना.

मंगळवारी सकाळी कालू गेला.

रेबीज आहे की नाही, हे खात्रीने सांगायला मेंदूची तपासणी करावी लागते. ते काम कसं करतात ते मी इथे लिहीत नाही. मॅडमनी ते स्वतः केलं, दोन हातमोजे, चष्मा, ॲप्रन घालून. बर्फाच्या डब्यात नमुना लॅबला गेला. आम्हाला कॉलेजात आधीच लस दिलेली असते, तरी मॅडमनी सगळ्यांना पुन्हा टोचून घ्यायला लावलं. बुधवारी संध्याकाळी फोन आला. पॉझिटिव्ह.

मला वाटलं, आता केस संपली. कुत्रा गेला, रामवीरची लस सुरू झाली. मॅडमनी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.

"आता खरं काम," त्या म्हणाल्या. "कुत्रा आजारी दिसायच्या काही दिवस आधीपासून त्याच्या लाळेत विषाणू असतो. आपण सावधगिरी म्हणून दोन आठवडे मागे जाऊ. या दिवसांत कालूने कुणाला चावलं, ओरबाडलं, कुणाची जखम चाटली? एकेक माणूस शोधायचा."

त्यांचं बोट दोन चौकोनांवर थांबलं. दोन शनिवार.

दिल्लीकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलाची पोळी घातली की शनीची पीडा कमी होते, असं इकडे पुष्कळ लोक मानतात. त्या मार्केटच्या कोपऱ्यावर शनीचं छोटं मंदिर आहे आणि त्या भागात पूर्ण काळा कुत्रा एकच होता. त्यामुळे शनिवारी कालूकडे गर्दी. लोक गाड्यांतून यायचे, रिक्षांतून यायचे. काचा खाली करून, पोळी हातात धरून, "आ जा कालू." पोळी खाऊ घालून निघून जायचे. कोण, कुठले, कुणाला माहीत नाही. ज्याला पीडा आहे तो आपलं नाव सांगत फिरत नाही.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं. आणि तिथे मी चूक केली.

गुरुवारी मी स्वतःच्या बुद्धीने एक पोस्टर बनवलं. मॅडमना विचारलं नाही. त्यांना दाखवून चकित करायचं होतं, खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. लाल मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सावधान! पागल कुत्ता! जिसे काटा हो, तुरंत संपर्क करें." खाली माझा नंबर. दहा प्रती काढून मार्केटभर चिकटवल्या. संध्याकाळी उभं राहून दुरून बघितलं. बरंच ठळक दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात भूरी आली. भूरी म्हणजे त्याच मार्केटची तपकिरी कुत्री. तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. अशी खूण नसबंदी करून लस टोचलेल्या कुत्र्यांना करतात, म्हणजे लांबूनही कळतं. त्या मार्केटमधली सगळ्यात निर्धोक कुत्री तीच. तिचा मागचा पाय काठीने मोडला होता. कुणीतरी पोस्टर वाचलं, समोर कुत्री दिसली, बस.

माझ्या फोनवर सकाळपासून एकवीस कॉल आले होते. एकानेही चावल्याचं सांगितलं नाही. सगळे विचारत होते, कुत्रे कधी उचलणार. मंदिराच्या पुजाऱ्यांनी दोन पोस्टरं फाडून आणून मॅडमच्या टेबलावर ठेवली. "डॉक्टर साहिबा, ये पागल-पागल लिखके आपने भगवान के दरवाज़े पे ताला लगवा दिया. अब कौन आएगा?"

मला वाटलं, मॅडम मला त्यांच्यासमोर झापणार. त्यांनी पुजाऱ्यांची माफी मागितली, चहा पाजला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "भूरीचं प्लास्टर तू घाल."

मी घातलं. भूरी माझा हात चाटत होती.

प्लास्टर वाळेपर्यंत मॅडम बाजूला उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "घाबरलेला माणूस दवाखान्यात येत नाही रे पवार. दार लावून बसतो. आपल्याला तर त्याने दार उघडायला हवंय."

शनिवारी मी सकाळी आठपासून मंदिरासमोर उभा राहिलो. पुजारी म्हणाले होते तेच झालं. एक गाडी आली, थोडी हळू झाली आणि तशीच पुढे गेली. दुपारपर्यंत दोन म्हाताऱ्या आल्या, तेल वाहून गेल्या. कुत्र्याचं नाव काढलं की माझ्याकडे पाठ.

चौदा दिवस कॅलेंडरवर होते आणि माझ्या वहीत रामवीर सोडून तीन नावं. दुधाचा डेअरीवाला, त्याची मुलगी, एक सिक्युरिटी गार्ड. तिघांनाही फक्त चाटलं होतं, कातडीला कुठे खरचटलेलं नव्हतं, तरी खबरदारी म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. पण शनिवारचं कुणीच नाही.

दोन वाजता मॅडम स्वतः आल्या. त्यांनी मंदिराकडे पाहिलं नाही, माझ्या वहीकडेही नाही. समोर झाडाखाली एक बाई कोळशाच्या इस्त्रीने कपडे प्रेस करत होती. बिमला. तीन दिवस मी तिच्या टेबलाला टेकून उभा होतो. तिला काही विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पवार," मॅडम मराठीत म्हणाल्या, "ही बाई रोज इथे असते ना? दिवसभर उभी? मग तू तीन दिवस काय केलंस, बापा?"

मी काही बोलायच्या आत बिमलाने इस्त्री उभी केली. "आप लोग कौन सी बोली बोल रहे हो?"

"मराठी."

"पिछले शनिचर वाली भी यही बोलती थी. फोन पे. 'हो, हो, अगं' करके."

मॅडम स्टुलावर बसल्या. "कौन, बिमला जी?"

मग जे झालं, ते मी अजून नीट सांगू शकत नाही. बिमलाला एकाही माणसाचं नाव माहीत नव्हतं. पण गेल्या दोन शनिवारचा एकेक माणूस तिने कपड्यांवरून सांगितला. निळा सफारी, खिशावर शाईचा डाग, त्याने पोळी लांबून फेकली. दोन मुली, जीन्स, फोटो काढत होत्या, हात लावला नाही. एक सरदारजी, पांढरा कुर्ता, कफावर पिवळट झालेला, त्यांनी पोळी दगडावर ठेवली. बोलताना तिचा हात चालूच होता, कॉलर, पाठ, बाही. मी लिहीत होतो आणि माझं पेन मागे पडत होतं. मी चार वर्षं शरीरशास्त्र शिकलो, हाडांची नावं पाठ केली. असं बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

"और वो मराठी वाली?"

"सूती साड़ी, हरी. घर का माँड़ था उसमें, दुकान वाला नहीं. चावल का." म्हणजे घरी भाताच्या पेजेची खळ घातलेली साडी. "किनारे पे सिलवट नहीं. पचास-पचपन की. रोटी अपने हाथ से खिलाती थी, छोटे-छोटे टुकड़े करके, जैसे बच्चे को. हर शनिचर आती. उस दिन कालू ने झपट लिया. उँगली पकड़ ली. खून आया. मैंने कहा, बहन जी, नल उधर है. वो बोली, किसी को बोलना मत. बोतल का पानी डाला, रूमाल बाँधा, ऑटो में बैठ गई."

"और आपने किसी को बोला?"

"उसने मना किया था ना." बिमलाने इस्त्रीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातली. "पर आप पूछ रहे हो. और आपने कुत्ते को गाली नहीं दी."

कुत्रा चावल्याला आठवडा झाला होता. परत येताना मॅडमनी मला गाडीत समजावून सांगितलं. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेवरून रक्तात जात नाही. तो नस पकडतो आणि त्या नसेतून मेंदूकडे चालत जातो. अगदी हळू. कधी काही आठवडे, कधी महिने लागतात. त्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो. स्वयंपाक करतो, हसतो, साडीला खळ घालतो. मेंदूला पोचला आणि लक्षणं दिसली, की मग डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. पण त्याच्या आधी लस आणि सीरम, म्हणजे विषाणूला जखमेतच अडवणारं औषध, मिळालं, तर माणूस वाचतो.

"म्हणजे ती बाई या क्षणी पूर्ण वाचू शकते," मॅडम म्हणाल्या. "आणि तिला हे माहीत नाही."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. हायवे, फॅक्टऱ्या, मेट्रोचे खांब, लाखो माणसं. त्यातल्या एका बाईच्या उजव्या किंवा डाव्या हाताच्या एका बोटात ते चालायला लागलं होतं, किंवा नव्हतंही. एवढी भयंकर गोष्ट इतकी हळू चालते, याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं. जणू थांबून आपल्याला वेळ देते आहे.

दवाखान्यात आल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता मराठीत लिही. दिल्ली, गाज़ियाबाद, फरीदाबाद, जेवढे मंडळांचे ग्रुप असतील तेवढ्यांवर. पण आधी मला दाखव."

मी लिहून दाखवलं. मी भीतीने रोगाचं नाव टाळलं होतं, नुसतं 'आजारी कुत्रा' लिहिलं होतं.

"रोगाचं नाव लिही. ते लपवायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त कुत्र्याला शिवी नको आणि बाईला दोष नको."

शेवटी जो मेसेज गेला तो असा. 'नमस्कार. मागच्या शनिवारी फरीदाबादच्या मंदिराजवळ काळ्या कुत्र्याला पोळी घालताना एका ताईंच्या बोटाला दात लागला. त्या मराठी बोलत होत्या. तो कुत्रा रेबीजने वारला आहे. ताईंचं काहीही चुकलेलं नाही, आणि उशीरही झालेला नाही. पण आता थांबू नये. नाव सांगायची गरज नाही. फक्त या नंबरवर एक फोन करा.'

रात्रीपर्यंत तेवीस नमस्कार आले, अकरा गुलाबाची फुलं आली. एका काकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावर लांबलचक लिहिलं, त्यावर दुसऱ्या काकांनी त्याहून लांब उत्तर दिलं. एका मावशींनी विचारलं, मांजराला पण लस लागते का? लागते, असं मी कळवलं.

रविवारी दुपारी फोन आला. मॅडम समोर बसून रजिस्टर लिहीत होत्या.

"ते... मेसेज तुम्ही टाकलाय का?" बाईचा आवाज. अगदी हळू.

"हो काकू. बोला."

"नाही, म्हणजे, माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारत होते. तिला जरासा दात लागलाय. पण तिनं त्याच दिवशी इंजेक्शन घेतलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. मग आता काही नाही ना?"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "घेतलंय का? मग छान झालं काकू."

मॅडमनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "परत कधी बोलावलंय विचार."

मी विचारलं.

"परत? परत नाही बोलावलं. एकच होतं. दंडात."

मॅडमचं पेन थांबलं. मलाही कळलं. कापलं, खरचटलं, गंजका पत्रा लागला की जे देतात ते ते इंजेक्शन होतं. धनुर्वाताचं. ते चांगलंच असतं, पण रेबीजला त्याचा उपयोग नाही. रेबीजच्या लसीला ठरलेल्या दिवशी परत परत जावं लागतं. आणि रक्त आलं असेल तर जखमेतच सीरम टोचावं लागतं. हे मी अडखळत सांगितलं.

मग, "अच्छा."



"मैत्रीण नाही हो," त्या म्हणाल्या. "माझंच बोट आहे. उजवं. यांना सांगितलंय, विळीवर कापलं म्हणून."

"का काकू?"

"हे ऑफिसर आहेत. यांना असलं काही पटत नाही. मुलगा परीक्षा देतोय, तिसऱ्यांदा. दरवेळी दोन-चार मार्कांनी राहतो. साडेसाती आहे, असं एकांनी सांगितलं. मी घरापासून दोन सेक्टर लांब जाऊन पोळी घालायचे, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. हे कळलं तर हे हसतील. हे हसले ना, की..."

माझी आई माझ्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी जेवत नाही. मी कधी हसलो नाही, पण कधी विचारलंही नाही.

मॅडमनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"ताई, मी डॉक्टर खोब्रागडे. नागपूरची. बोट अजून दुखतं का? मुंग्या येतात? नाही ना? बिल्कुल चांगलं आहे. साबणाने धुतलं होतं? बरं, हळद लावलीत. आता वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवा. हो, जखम सुकली असली तरी. आणि आज जा. उद्या नाही. रविवार असला तरी सरकारी हॉस्पिटलची इमर्जन्सी उघडी असते. तिथे सांगायचं, कुत्रा चावला, रक्त आलं, कुत्रा रेबीजने मेला. एवढ्या तीन वाक्यांत सांगा. विळी सांगू नका. विळीचं इंजेक्शन वेगळं असतं."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. मॅडम ऐकत राहिल्या.

"हसले तर हसू द्या ताई. हसणाऱ्या नवऱ्याला रडवण्यापेक्षा ते बरं."

"बघते," असं काकू म्हणाल्या म्हणे, आणि फोन बंद झाला.

नाव नाही, पत्ता नाही. फक्त नंबर. मी लगेच परत लावायला निघालो, तर मॅडमनी अडवलं. "नाव सांगायची गरज नाही, असं आपणच लिहिलंय. एक मेसेज कर. नंतर लसीच्या तारखांना एकेक. त्याहून जास्त नाही."

मी केला. 'काकू, गेलात का?' उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी केला. सातव्या दिवशी केला. मेसेज पोचल्याची खूण दिसायची, वाचल्याचीही दिसायची. उत्तर नाही. मॅडमनी सरकारी हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रविवारी कुत्रा चावलेले इतके येतात, कुठली बाई सांगू?

दरम्यान रामवीरचे डोस पूर्ण होत आले. पालिकेच्या माणसांबरोबर आम्ही त्या मार्केटमधल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचली. बिमलाने लपणारे कुत्रे कुठे लपतात ते सांगितलं. भूरी तीन पायांवर आमच्या मागे फिरायची. काम चांगलं झालं, सगळे म्हणाले. माझं मन मात्र त्या नंबरवर होतं. 'मग छान झालं काकू', हे माझे शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू यायचे. मॅडम त्या खोलीत नसत्या तर मी त्या शब्दांवर फोन ठेवला असता. तेव्हापासून मी कुणालाही 'इंजेक्शन घेतलं का' असं विचारत नाही. 'परत कधी बोलावलंय' असं विचारतो. एवढं एकच मी या पोस्टिंगमध्ये नक्की शिकलो.

चौथा आठवडा संपता संपता माझी पोस्टिंग बदलली. गाज़ियाबादच्या बाहेर म्हशींच्या गोठ्यांवर. शेवटच्या डोसच्या तारखेला मी तिथूनच मेसेज केला. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून गाभ तपासत होतो, तेव्हा फोन वाजला. गोठ्याच्या मालकाने तो माझ्या कानाला लावला.

"पवार, मी बोलतेय. हात मोकळा आहे का?"

"नाही मॅडम."

"असू दे, कान मोकळा आहे ना? आत्ता एक गृहस्थ आले होते. आपल्यातले, सरकारी क्वार्टरचे. पांढरी पामेरियन कुत्री घेऊन. सहा वर्षांची, आजवर एकदाही लस नाही. 'घरातच असते' म्हणून. म्हणाले, बायकोने पाठवलंय, हिला आजच टोचा. मी विचारलं, ताई कशा आहेत? तर माझ्याकडे बघतच राहिले."

"मॅडम, त्या काकू?"

"ऐक ना. चारही वेळा गेली. शेवटचं परवा झालं. बोटात सीरम टोचलं तेव्हा फार दुखलं म्हणे, ती नाही रडली, नवऱ्यालाच चक्कर आली. आणि तुझे मेसेज तिला मिळालेच नाहीत. आपला नंबर कळू नये म्हणून तिने शेजारणीच्या फोनवरून लावला होता. ती बिचारी शेजारीण महिनाभर विचार करत होती, हा कोण मुलगा मला सारखं विचारतोय, गेलात का, गेलात का."

मला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात नव्हता. म्हैस शांत उभी होती.

"आणि शनिवारी ती अजून जाते," मॅडम म्हणाल्या. "आता दोघं जातात. पोळी जमिनीवर ठेवतात, मागे सरकतात. बरोबर आहे, तसंच करावं."

"मॅडम, पण त्या गेल्या कधी? पहिल्यांदा?"

"त्याच रविवारी. फोन ठेवल्यावर तिने बोट साबणाने धुतलं, बाहेरच्या खोलीत गेली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. पोळी, कुत्रा, साडेसाती, सगळं. तो हसला नाही, पवार. उठला, आणि स्कूटर बाहेर काढली."